ड्रेनेज लाइनची कॅमेरा तपासणी : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणाऱ्या एका मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे : ड्रेनेज लाइनमध्ये कॅमेरा घालणे हा पैसे उकळण्याचा धंदा आहे, ठेकेदार दुसऱ्याच लाइनचे चित्रण दाखवतो, अनुभवी प्लंबरला कॅमेऱ्याविना सारे कळते, बांबूची पट्टी मारून पाणी उतरले की लाइन चांगली समजावी, पुन्हा तुंबल्यास अ‍ॅसिड ओतावे, नाहीतर चेंबरमध्ये माणूस उतरवावा, आणि कॅमेरा लावलाच, तर एकदा निर्दोष ठरलेल्या लाइनची पुढे वर्षानुवर्षे काळजी नसावी.

पाणी उतरले म्हणजे पाण्यापुरती वाट झाली, एवढेच सिद्ध होते. जुन्या संस्थांच्या आवारात चेंबर ते चेंबर जाणारी लाइन बहुधा स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या, चकाकीदार) पाइपची असते आणि तिचे सांधे सिमेंटने भरलेले असतात. अशा सांध्याला बारीक फट पडली तरी पिंपळाची किंवा उंबराची मुळे ओलाव्याच्या मागाने आत शिरतात, तेथे त्यांचा झुपका माजतो आणि त्यात केस, चिंध्या व सॅनिटरी पॅड अडकत जातात. पट्टी त्या झुपक्याला भोक पाडते, तक्रार थांबते आणि मुळे जागच्या जागी वाढत राहतात. खचलेल्या पाइपची गोष्ट निराळी आहे : कॅमेरा पुढे सरकत असताना पाण्याची रेघ पडद्यावर हळूहळू वर चढते, भिंग बुडते आणि काही अंतरावर पुन्हा कोरडे होते. बाहेरून दोन्ही ठिकाणची तक्रार एकच, म्हणजे चेंबर भरला. पण पहिल्या ठिकाणी मुळे कापून सांधा दुरुस्त करावा लागतो, तर दुसऱ्या ठिकाणी कितीही जेटिंग (जोरदार दाबाच्या पाण्याने धुणे) केले तरी उपयोग नसतो, तेवढा भाग खणून पाइप योग्य उतारावर पुन्हा बसवावाच लागतो. हा फरक पट्टीला कळत नाही.

अनुभवी प्लंबरला सारे कळते, हा दावा निम्मा खरा आहे. आत गेलेल्या पट्टीच्या लांबीवरून अडथळा साधारण किती अंतरावर आहे हे तो सांगतो, मात्र तेथे मूळ आहे की फुटलेला पाइप, हे सांगू शकत नाही. स्वयंपाकघरातील तेलकट मळीने एकदाच लाइन तुंबली असेल, तर कॅमेऱ्याची गरज नाही, हेही मान्य करावे. दोन चेंबरमधली लाइन सरळ व आखूड असेल, तर एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरूनही पुष्कळ काही दिसते.

अ‍ॅसिड मुळांचा बंदोबस्त करत नाही, उलट सांध्यातील सिमेंट खाते.

सुरक्षा साधनांविना माणूस उतरवण्याचा सल्ला मात्र केवळ चुकीचा नाही, तो बेकायदा आहे. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या कायद्याचे कलम ७ सुरक्षा साधनांविना गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून सफाई करून घेण्यास मनाई करते, आणि ती मनाई महापालिकेइतकीच गृहनिर्माण संस्थेलाही लागू आहे. अशा सफाईत होणाऱ्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. चेंबरमधील हायड्रोजन सल्फाइड वायूचे प्रमाण वाढले की माणसाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे ‘वास येत नाही, उतरा’ हा अंदाज जिवावर बेततो.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि येथे मजकूर कॅमेऱ्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतो. गाळ न काढता घातलेल्या कॅमेऱ्याला गाळच दिसतो. पाण्याखालचा तडा त्याला दिसत नाही, सांध्यातून किती पाणी झिरपते हे तो मोजत नाही आणि सहा इंची पाइपला १:६० (साठ फुटांना एक फूट) उतार मिळाला आहे की नाही, हेही नुसत्या चित्रावरून ठरत नाही. शिवाय झाडे वाढतात आणि भराव बसत जातो, तेव्हा आजचे चित्र आजच्यापुरतेच असते.

ठेकेदार दुसऱ्याच लाइनचे चित्रण दाखवील, ही शंका रास्त आहे. त्यासाठी जेटिंगनंतर केलेले, न कापलेले चित्रण मागावे. त्यात कोणत्या चेंबरपासून कोणत्या चेंबरकडे हे सुरुवातीलाच दिसावे आणि मीटरमधील अंतराचा आकडा अखेरपर्यंत चालू असावा. दोष सापडलेल्या जागी कॅमेरा थांबवून, त्याच्या टोकातील ट्रान्समीटरचा संकेत जमिनीवरून लोकेटरने (संकेत शोधणाऱ्या यंत्राने) पकडून जमिनीवर खूण व खोली लिहून घ्यावी. ही खूण केल्याशिवाय खोदाईचे अंदाजपत्रक कमिटीने मंजूर करू नये.