सोयाबीन म्हणे ऋषीमुनींनी दिलं!

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. "शेतकऱ्यांनो जागे व्हा" पासून सुरू होतो, मधात गाईचे नि तिरंग्याचे फोटो, शेवटी "अकरा गटांत पाठवा". त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: शेतीचा शोध जगात फक्त भारतात लागला नि इथूनच ती सगळीकडे गेली, मका, मिरची, टमाटर, शेंगदाणा, सोयाबीन ही सगळी आपल्या ऋषीमुनींनी दिलेली पिकं, पूर्वी खताबिगर एकरी 40 क्विंटल गहू व्हायचा, इंग्रजांनी ते ज्ञान बुडवलं, पण त्यांच्याच एका साहेबानं आपली शेती श्रेष्ठ आहे असं लिहून ठेवलं, म्हणून यंदा खताचा दाणा टाकू नका, बीजप्रक्रिया करू नका, धरतीमाता सगळं देते.

असे दहा मेसेज रोज येतात नि आपण पुढं सरकवतो. पण आमच्या मामाजींनी हा मनावर घेतला, तोही मिरग तोंडावर आला असताना. फोनवर म्हणे, "यंदा सोयाबीनच्या बियाण्याले काहीच लावत नाही जवाईबापू, तसंच पेरतो." आता सासऱ्यापुढं जवायानं किती तोंड चालवावं याला काही मर्यादा असते बाप्पा, म्हणून इथं लिहितो.

सोयाबीनपासूनच सुरू करू, कारण बाकीच्या थापांनी डोकं फिरते पण या थापेनं वावर बुडते. सोयाबीन चीनमधलं पीक आहे, काही हजार वर्षांपासून तिकडचे लोक ते पिकवतात. आपल्या विदर्भात ते सगळीकडे पसरलं 1990 च्या आगेमागे, त्याआधी खरिपात जवारी, मूग, उडीद, तूर नि पऱ्हाटी म्हणजे कापूस. म्हणजे मामाजींनी स्वतः तरुणपणी जवारी पेरली, सोयाबीन गावात येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, नि आता मोबाईल सांगते की ते ऋषीमुनींचं आहे तर तेही खरं वाटते, काय म्हणावं राजेहो!

आता यात बीजप्रक्रियेचा काय संबंध? तोच तर मुद्दा आहे. सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात, त्या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. तूर, मूग यांना चालणारे जिवाणू आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण सोयाबीनला त्याचे वेगळे जिवाणू लागतात आणि पीकच बाहेरून आलेलं असल्यानं ते आपल्या मातीत मुळात भरपूर नव्हते. म्हणून तर रायझोबियमचं, म्हणजे याच जिवाणूंच्या खताचं, पाकीट बियाण्याला लावायचं, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या वावरात थोडे जिवाणू टिकून राहतात हे खरं, पण मधात जवारी-पऱ्हाटी झालेल्या तुकड्यात, उन्हाळाभर तापलेल्या जमिनीत, तेवढ्यावर भिस्त कशाला ठेवायची? पटत नसेल तर फुलोऱ्याच्या वेळी एक झाड हळूच उपटा, मुळाची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट निघाली तर नुसतीच गाठ आहे. आणि करायचं तरी काय असते, आधी बुरशीनाशक, मग जिवाणू खत, सावलीत सुकवायचं नि लगेच पेरायचं. उन्हात टाकलं तर जिवाणू मेले. मेसेज बनवणाऱ्यानं कधी तिफण धरली असेल असं मला तरी वाटत नाही.

मग ते 40 क्विंटल. स्वातंत्र्यानंतर, 1950-51 साली, आपल्या देशात गव्हाची सरासरी हेक्टरी साधारण साडेसहा क्विंटल होती, म्हणजे एकरी तीनही नाही. आणि तेव्हा रासायनिक खत जवळपास कोणी टाकत नव्हतं, म्हणजे हा मेसेज ज्या शेतीचं गुणगान करते तीच ही शेती! आजची सरासरीसुद्धा एकरी 14 क्विंटलच्या आसपास आहे, तीही पाणी, सुधारित बियाणं, खत सगळं देऊन. तरी मानलं, झाला 40 क्विंटल. गव्हाच्या दाण्यात साधारण दोन टक्के नत्र असते, म्हणजे नुसत्या दाण्यातूनच 80 किलो नत्र वावराबाहेर गेला. शेणखतात नत्र अर्धा टक्का. बंडीत पाच क्विंटल धरलं तर एका एकराला 32 बंड्या, दरसाल, आणि तेही त्यातलं सगळं पहिल्याच वर्षी पिकाला लागू पडलं तर, जे पडत नाही. मामाजींचं वावर पाच एकर. गोठ्यात एक बैलजोडी नि एक गाय. हिशेब तुम्हीच करा.

युरियाचा अतिरेक झाला, माती न तपासता पोतं ओतायची सवय लागली, हे मी नाकारत नाही. पण त्यावर इलाज माती तपासून खत देणे हा आहे, काहीच न देणे हा कुठला इलाज?

"फक्त भारतातून" वगैरेवर फार वेळ घालवत नाही. गहू, जव, मसूर, चना तुर्कस्तान-सीरिया-इराकच्या पट्ट्यातले, दहाएक हजार वर्षांमागचे. मका मेक्सिकोतल्या एका रानगवतापासून, नऊ हजार वर्षांपूर्वी. बटाटा अँडीज पर्वतातला, शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. जवारी नि बाजरी आफ्रिकेतली. न्यू गिनीत कुक नावाच्या दलदलीत लोक आपापलंच केळी लावत होते, कोणी शिकवायला गेलं नव्हतं. निकोलाय वाविलोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं 1926 मध्ये कोणतं पीक कुठलं याची केंद्रं मांडली, त्यात पुढं बरीच दुरुस्ती झाली, पण शेती अनेक ठिकाणी वेगवेगळी सुरू झाली हे टिकलं, आणि त्या माणसानं भारताला वगळलं नव्हतं, पुढं वेगळं केंद्र म्हणून मोजलं होतं. मिरची पोर्तुगीजांसोबत आली. आपल्या नागपूर जिल्ह्यातच नैकुंड, भागीमोहारीला अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्या खोदल्या, तिथं भात, गहू, जव, मसूर, वाटाणा असं जळकं धान्य निघालं, मिरचीचं एक बी नाही. आणि म्हणून भिवापूरची मिरची काही कमी आपली होत नाही.

खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आला. जे खरंच इथलं आहे त्याचं या मेसेजमध्ये नावही नाही! तूर इथली, मूग-उडीद इथले, वांगं इथलं, काकडी इथली, आणि देशी कापूस याच उपखंडातला. आपली बनी नावाची देशी पऱ्हाटी हिंगणघाटच्या नावानं परदेशात विकली जायची. देशी पऱ्हाटी पाण्याची ओढ सहन करते, तुडतुड्यांना लवकर दबत नाही. आज जवळपास सगळ्या वावरांत आहे ती अमेरिकन जातीची पऱ्हाटी, मूळ मेक्सिकोकडची. छाती फुगवायची तर तुरीवर फुगवा ना, मक्यावर काय फुगवता.

इंग्रजांचा मुद्दा अर्धा खरा आहे, मानावं लागते. 1853 मध्ये वऱ्हाड त्यांच्या ताब्यात गेलं, 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली नि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला, मग इथला कापूस, खामगावचा बाजार, रेल्वे, सगळं त्या गिरण्यांसाठी. धान्याचं वावर कापसाखाली गेलं नि 1899-1900 च्या दुष्काळात लोक अन्नावाचून मेले. आणि तो साहेबही खोटा नाही. जॉन व्होल्कर नाव त्याचं, शेतीचा रसायनतज्ज्ञ, 1889 ला सरकारनंच पाठवला, देशभर फिरला, 1893 ला त्याचा अहवाल छापला. त्यात खरंच म्हटलं आहे की इथला उत्तम रयत सर्वसाधारण इंग्रज शेतकऱ्याइतकाच चांगला, काही बाबतीत सरस.

पण मेसेजवाल्यानं तेवढंच वाक्य उचललं. त्याच अहवालात व्होल्कर पुन्हा पुन्हा सांगते की इथं खताची टंचाई आहे, लाकूड नाही म्हणून लोकांना शेणाच्या गोवऱ्या जाळाव्या लागतात, गावोगावी जळणासाठी झाडं लावा म्हणजे शेण वावरात जाईल. साक्षीला ज्याला उभं केलं तोच म्हणते जमिनीत खत टाका. मामाजींना हा भाग फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "पाकीट किती रुपयाले येते?"