कात्रीला काय म्हणतात?

काल लेकीला म्हटलं, "अगं, ते दे ना, ते... कापायचं." ती साडेतीन वर्षांची. शांतपणे माझ्याकडे बघून म्हणाली, "कात्री." आणि पुन्हा अँकिलोसॉरसच्या शेपटीकडे वळली. तिला डायनोसॉर तोंडपाठ आहेत. मला परवा मीटिंगमध्ये, सात वर्षं शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचं नाव आठवलं नाही.

ओटीपीचं तर विचारूच नका. फोनवर सहा आकडे बघायचे, लॅपटॉपवर टाकायचे, एवढंच काम. चौथ्या आकड्याला हाक येते, "आई, मोजा उलटा झालाय!" मोजा सुलटा होतो, पण उरलेले दोन आकडे गेलेले असतात. पुन्हा फोन उघडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते.

मी ४१ वर्षांची आहे. त्यामुळे यावर सगळ्यांचं निदान तयार असतं: "वय झालं गं आता." मूल उशिरा झालेलं असलं की हे जरा चवीने ऐकवलं जातं. गंमत म्हणजे माझा नवराही गाडीची किल्ली हातात धरून किल्ली शोधतो. त्याला कोणी वय काढून दाखवत नाही. त्याला "कामाचा ताण" असतो!

पण खरं सांगते, मीही घाबरले होते. विस्मरणाच्या आजारांची लक्षणं वाचत बसले, तेही रात्री दोन वाजता. त्या वेळी मी जागी का आहे, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

मग एकदा हिशोब केला. साडेतीन वर्षांत सलग सात तास झोपल्याच्या रात्री बोटांवर मोजण्याइतक्या. २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात दोन आठवडे रोज सहाच तास झोपलेल्यांची चाचण्यांमधली कामगिरी सलग एक-दोन रात्री जागलेल्यांइतकी घसरली. मला त्यातलं खटकलं ते पुढचं: आपलं इतकं बिघडलंय, हे त्यांना स्वतःला फारसं जाणवतच नव्हतं. म्हणजे मी "मला सवय झालीये" म्हणत होते, तेव्हा नेमकं हेच चाललं होतं. २०१९ च्या एका जर्मन अभ्यासात तर पहिल्या मुलानंतर सहा वर्षांपर्यंतही आईबापांची झोप पूर्वपदावर आलेली नव्हती.

डॉक्टरांनी थायरॉईड, बी१२ आणि फेरिटिन तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ठीक होतं, पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला. चाळिशीत पाळी जाण्याआधीच्या बदलांनीही डोक्यात असं विसराळूपणाचं धुकं येतं म्हणे, तेव्हा वयाचा हात अजिबातच नाही असं मी म्हणत नाही. पण सगळं खापर वयावर फोडलं असतं तर ती तपासणी मी केलीच नसती, याचा राग येतो.

आता आठवड्यातल्या तीन रात्री नवरा उठतो. पहिल्या रात्री मी सवयीने जागीच राहिले, त्याचं सगळं नीट चाललंय ना ते ऐकत. दुसऱ्या रात्री मेल्यासारखी झोपले.

चमत्कार वगैरे झालेला नाही. या आठवड्यात एक ओटीपी एका दमात टाकला, एवढंच. आणि कात्री अजून सापडलेली नाही. लेक म्हणते तिला माहीत नाही, पण तिच्या बाहुलीचे केस अचानक आखूड झालेत.