जैद बिन साबित: पाठ असूनही पुरावा मागणारा माणूस

कुरआनातल्या सुरह अहजाबची २३वी आयत हजरत जैद बिन साबित यांनी खुद्द पैगंबरांच्या (स.) तोंडून वेळोवेळी ऐकली होती. तरीही मुसहफची, म्हणजे लिखित कुरआनची, प्रत करताना ती हाती लागेना, तेव्हा त्यांनी ती आठवणीतून लिहून टाकली नाही. शोधाशोध केली, खुजैमा बिन साबित अन्सारींकडे ती मिळाली, मगच तिला तिच्या जागी बसवलं. बुखारीच्या हदीससंग्रहात हे जैद स्वतःच सांगतात.

आपल्याकडच्या बयानांत जैदना ‘वही लिहिणारे सहाबी’ या तीन शब्दांत निकालात काढतात (वही म्हणजे पैगंबरांवर उतरलेला ईश्वरी संदेश, सहाबी म्हणजे त्यांचे सोबती) आणि गाडी पुढच्या नावावर जाते. बद्र, उहुद, तलवारी, शहादत यांवर तासभर, आणि या माणसावर अर्धं वाक्य. लेखनिक सांगितलेलं उतरवून घेतो. जैदनी केलं ते संपादकाचं आणि हिशोबतपासनिसाचं काम होतं.

मदिनेच्या खजरज टोळीतलं बनू नज्जार हे त्यांचं घराणं. बुआसच्या लढाईत वडील मारले गेले तेव्हा ते ६ वर्षांचे होते, हिजरतीच्या, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला आले त्या वेळी (इ.स. ६२२) ११ वर्षांचे. आई नवार बिंत मालिक. मशीद बांधून होईपर्यंत हजरत बिलाल अजान द्यायला चढत ते छप्पर याच बाईंच्या घराचं, कारण आसपास तेच सगळ्यांत उंच होतं. बद्रला लहान म्हणून पोराला परत पाठवलं. खंदकाच्या लढाईच्या वेळी माती वाहून वाहून त्याला तिथेच झोप लागली आणि उमारा बिन हज्म यांनी गंमत म्हणून त्याची हत्यारं उचलून नेली. पैगंबरांनी त्याला ‘अबू रुकाद’ म्हटलं, म्हणजे आपल्या भाषेत झोपाळू महाराज. तबूकच्या मोहिमेत मात्र बनू नज्जारचा झेंडा त्याच उमारांकडून काढून जैदकडे दिला गेला. कारण सांगितलं ते असं: कुरआन आधी, आणि जैदला तो तुझ्यापेक्षा जास्त येतो.

व्हॉट्सअॅपवर एक गोष्ट फिरते की त्यांनी पंधरा दिवसांत अख्खी परकी भाषा आत्मसात केली. हदीस नीट वाचा. पैगंबरांनी त्यांना यहुद्यांचं लिखाण शिकायला सांगितलं, कारण मदिनेतल्या यहुद्यांशी होणारा पत्रव्यवहार दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचा नव्हता. अर्ध्या महिन्याच्या आत ते शिकून जैद पत्रं वाचू आणि लिहू लागले. अरबी लिहिता-वाचता येणाऱ्या हुशार पोराला त्याच कुळातल्या भाषेची लिपी आणि पत्रापुरता मजकूर पंधरवड्यात जमणं अगदी शक्य आहे. यात चमत्कार घुसवला की मूळ मुद्दा हरवतो. मुद्दा विश्वासाचा होता.

आता मुख्य काम. यमामाच्या लढाईत (इ.स. ६३२-३३) बरेच हाफिज, म्हणजे कुरआन पाठ असलेले लोक, मारले गेले. हजरत उमर घाबरून पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांच्याकडे आले: असंच चालू राहिलं तर कुरआनचा बराच भाग माणसांबरोबर जाईल, तो एकत्र करा. अबू बक्र आधी तयार नव्हते, जे पैगंबरांनी केलं नाही ते मी कसं करू? मग दोघांनी जैदना बोलावलं, तर त्यांनीही तोच सवाल टाकला. तेव्हा ते जेमतेम बाविशीचे असतील. अबू बक्र यांनी त्यांच्यात चार गोष्टी पाहिल्या: तू तरुण आहेस, अक्कलवान आहेस, तुझ्यावर आमचा संशय नाही आणि तू पैगंबरांसाठी वही लिहीत होतास. कोणत्याही नेमणूकपत्राला लाजवेल अशी नेमकी यादी आहे ही. जैद नंतर म्हणत, एखादा डोंगर हलवायला सांगितला असता तरी तो याहून जड वाटला नसता.

हे जड का, ते साहित्य पाहिलं की कळतं. खजुराच्या झावळ्या असत. त्यांची पानं सोलून टाकायची आणि बुडाकडच्या रुंद भागावर लिहायचं. पातळ पांढऱ्या दगडाच्या चकत्या, कातड्याचे तुकडे, जनावराच्या खांद्याचं रुंद सपाट हाड, उंटाच्या खोगिराच्या फळ्या. हे सगळं वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं. एका झावळीवर कितीशा ओळी मावणार? लिपीही त्या काळची. ब, त आणि स (ث) या अक्षरांचा सांगाडा एकच आणि तो ओळखायला लागणारे ठिपके जवळपास नसायचेच, झेर-जबर या स्वरखुणा तर मुळीच नाहीत. नुसतं लिखाण हाती धरलं तर एकच शब्द दोन-तीन तऱ्हांनी वाचता येतो. नुसतं पाठांतर धरलं तर माणूस मेला की संपलं. म्हणून दोन्ही हवं.

एका रिवायतीनुसार अबू बक्र यांनी उमर आणि जैद दोघांना मशिदीच्या दाराशी बसवलं आणि सांगितलं की जो दोन साक्षीदार आणेल त्याचंच लिहून घ्या. साक्ष कशाची, यावर उलेमांत चर्चा आहे. कुणी म्हणतं एक साक्ष लिखाणाची आणि एक पाठांतराची, कुणी म्हणतं हे लिखाण पैगंबरांसमोर झाल्याची. काहीही धरा, ‘मला पाठ आहे, लिहून टाक’ एवढ्यावर दारातून कुणी आत जात नव्हतं. हातात फळी घेऊन आलेल्यालाही तेच.

इथे एक घोटाळा हमखास होतो. सुरह तौबाच्या शेवटच्या आयती अबू खुजैमा अन्सारींकडे मिळाल्या, अहजाबची आयत खुजैमा बिन साबित यांच्याकडे. नावं सारखी, माणसं दोन. दुसरे म्हणजे ज्यांची एकट्याची साक्ष पैगंबरांनी दोघांच्या बरोबरीची मानली होती ते. पोस्टी लिहिणारे दोघांचा एकच माणूस करतात. मग ‘संपूर्ण कुरआन एका माणसाच्या भरवशावर’ असा आक्षेप येतो आणि उत्तर देणारा गडबडतो. आयत एकाकडेच ‘मिळाली’ म्हणजे ती बाकी कुणाला ठाऊकच नव्हती, असं होत नाही. अहजाबची आयत शोधणाऱ्याच्या स्वतःच्या कानावरून गेली होती, म्हणून तर ती नसल्याचं त्यांना जाणवलं.

त्या पानांचा गठ्ठा अबू बक्र, मग उमर, मग पैगंबरांच्या पत्नी उम्मुल मोमिनीन हफ्सा यांच्याकडे राहिला. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्या काळात अर्मेनिया-अझरबैजानच्या मोहिमेवर गेलेले हुजैफा सैनिकांची पठणावरची भांडणं पाहून धावत मदिनेला आले. परत जैदच. सोबत कुरैशचे तिघे: अब्दुल्लाह बिन जुबैर, सईद बिन आस, अब्दुर्रहमान बिन हारिस. सूचना अशी की तुमच्यात मतभेद झाला तर कुरैशच्या बोलीप्रमाणे लिहा. मतभेद झाला तो किती मोठा? ‘ताबूत’ शब्दाच्या शेवटी मोठी ‘ते’ की गोल ‘हे’. मदिनेचे जैद ‘हे’ म्हणाले, कुरैशी ‘ते’ म्हणाले, ‘ते’ राहिली. अब्दुल्लाह बिन मसऊद मात्र या नेमणुकीवर नाराज होते. जैद लहान पोर होता तेव्हापासून मी पैगंबरांच्या तोंडून सुरह शिकतोय, असं ते म्हणाले. ही नाराजी लपवायचं काहीच कारण नाही. त्यांचा मान आपल्या जागी, पण ते तेव्हा कूफ्यात होते, आणि आधीचा गठ्ठा ज्याने बांधला त्यालाच प्रतीचं काम देणं हा व्यवहाराचा निर्णय होता.

जैदच्या आयुष्याचा दुसरा भाग आपल्या कोकणाच्या दाराशी येऊन उभा राहतो. वारसाहक्काचं शास्त्र, फरायज. ‘माझ्या उम्मतीत फरायज सर्वांत जास्त जाणणारा जैद’ ही हदीस प्रसिद्ध आहे आणि इमाम शाफईंनी या बाबतीत मुख्यतः जैदचीच वाट धरली. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, म्हणजे त्यांच्या मताने चालणारे, घाटावर बहुतेक हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या मताने चालणारे. फरक पडतो तो आजोबांपाशी.

माणूस वारला, मूलबाळ नाही, वडील आधीच गेलेले. मागे वडिलांचे वडील आणि सख्खे भाऊ. इमाम अबू हनीफांच्या मते आजोबा वडिलांच्या जागी, भावांना काही नाही. जैदच्या मते आजोबांनी एका भावासारखं बसून वाटून घ्यायचं, पण वाटा तिसऱ्या हिश्श्याखाली जाऊ द्यायचा नाही. १८ लाख धरा. एक भाऊ असेल तर ९-९. दोन असतील तर ६-६-६. तीन झाले की सरळ वाटणीत आजोबांना साडेचार येतात, म्हणून त्यांना ६ द्यायचे आणि उरलेल्या १२चे भावांना ४-४-४. आता गंमत पाहा: आजोबा, एक सख्खा भाऊ आणि एक वडिलांकडून सावत्र भाऊ. मोजताना सावत्रालाही धरायचं, म्हणून आजोबांना ६. पण सख्खा असताना सावत्र बाद, त्याचेही ६ सख्ख्याकडे. सख्ख्याला १२, सावत्राला शून्य. फक्त आई एक असलेला भाऊ तर आजोबांपुढे शाफई आणि हनफी दोन्हीकडे बादच.

याहून अवघड ‘अकदरिया’ नावाचं प्रकरण. बाई वारली, मागे नवरा, आई, आजोबा आणि सख्खी बहीण. नवऱ्याला अर्धा, आईला तिसरा, उरला सहावा तो आजोबांना. बहीण कोरडी. जैदचा एरवीचा नियम असा की आजोबा असताना बहिणीला ठरीव वाटा नाही, तिने त्यांच्याबरोबर २:१ने वाटून घ्यायचं. इथे वाटायला काही उरतच नाही, म्हणून अपवाद करून तिला अर्धा दिला. सहा भागांत ३, २, १, ३ मांडले की बेरीज ९ होते, तेव्हा भागच ९ करायचे. मग आजोबांचा १ आणि बहिणीचे ३ एकत्र करून ते ४ त्यांच्यात २:१. चाराला तिनाने भाग जात नाही, म्हणून सगळं तिप्पट, २७. नवरा ९, आई ६, आजोबा ८, बहीण ४. हनफी हिशोबात त्याच २७ भागांचे साडेतेरा, ९, साडेचार आणि बहिणीला काहीच नाही. बहिणीच्या जागी भाऊ असता तर जैदच्या हिशोबातही त्याला काही मिळालं नसतं.

एवढं डोकं असलेला माणूस फतवा विचारायला आलेल्याला आधी विचारायचा, हे खरंच घडलंय का? नाही म्हटलं की सांगायचा, मग घडेपर्यंत राहू दे. पुढे मदिनेचा अमीर मरवान याने एकदा पडद्याआड माणूस बसवून त्यांची उत्तरं लिहून घ्यायला लावली. जैदच्या लक्षात आलं. ते म्हणाले, मरवान, माफ कर, मी हे फक्त माझ्या मताने बोलतोय. त्यांचं निधन हिजरी ४५ (इ.स. ६६५) साली झालं, असं अनेक जण देतात.

घडलेल्या प्रकरणात विचारायला जाणाऱ्यांनी एक कागद करून न्यावा. मयत शाफई की हनफी. मृत्यूच्या दिवशी कोण कोण हयात होतं. प्रत्येक भावाबहिणीपुढे सख्खा, वडिलांकडून की आईकडून. कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, आणि बायकोचा न दिलेला मेहर, म्हणजे लग्नात ठरलेली रक्कम, हे कर्जच आहे, तो वाटणीआधी काढायचा. वसियत (मृत्युपत्र) असेल तर उरलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. एकच मुलगी मागे राहिली तर तिला अर्धा आणि बाकी बैतुलमालला, म्हणजे सरकारी खजिन्याला, हे जैदचं मत. रीतसर बैतुलमाल नाही म्हणून नंतरच्या शाफई उलेमांनी ते तिच्याकडेच परत वळवलं, तेव्हा जुन्या किताबाचं पान दाखवून कुणी अर्धा अडवला तर हे सांगा. आणि आईच्या वडिलांना या हिशोबात आजोबा धरायचं नाही.