ओकासिओ-कोर्तेझ यांनी नेमकं कोणाला हरवलं?

‘न्यूयॉर्कमधल्या एका बारटेंडर मुलीनं ट्रम्प यांच्या पक्षाचा बालेकिल्ला उद्ध्वस्त केला’ असा मजकूर अमेरिकी खासदार ओकासिओ-कोर्तेझ यांच्याबद्दल सध्या फिरतोय. त्यातलं बारटेंडर खरं, बालेकिल्ला मात्र चुकीचा.

न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स आणि क्वीन्सच्या काही भागांचा १४ वा मतदारसंघ ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचा नव्हे, डेमोक्रॅटिक पक्षाचाच होता. २६ जून २०१८ रोजी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी तिथले खासदार जो क्रॉली यांना हरवलं, ते पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत. म्हणजे घरातलीच लढत. क्रॉली १० वेळा निवडून आलेले, प्रतिनिधिगृहातल्या पक्षनेतृत्वात चौथ्या क्रमांकाचे. २००४ पासून त्यांना पक्षात कोणी आव्हानच दिलं नव्हतं! न्यूयॉर्कमध्ये या फेरीत फक्त पक्षाचे नोंदणीकृत मतदार मत देतात आणि येतात थोडेच. त्यामुळे दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचं वजन वाढतं. ओकासिओ-कोर्तेझ यांना सुमारे ५७ टक्के मतं मिळाली. नोव्हेंबरची रिपब्लिकन उमेदवाराशी झालेली लढत जवळजवळ औपचारिकच होती.

त्यांना ‘राजकारणाचा गंधही नव्हता’ असंही सांगितलं जातं, तेही खरं नाही. २०१६ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या बर्नी सँडर्स यांच्या प्रचारात काम केलं होतं. शिवाय त्यांच्याकडे बोस्टन विद्यापीठाची अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी आहे, जी अशा मजकुरातून हमखास गळते.