सहा महिन्यांनी आलेला फोन

गेल्या हिवाळ्यात मेलबर्नमध्ये नवऱ्याच्या सायकलला गाडीने उडवलं. बरगड्या मोडल्या, प्लीहा फाटली. आता हिंडतोफिरतो आहे. सहा महिन्यांनी एका बाईचा फोन आला: कामावर जाता का, मोजे स्वतः घालता येतात का, झोप लागते का? मला वाटलं, विमा कंपनी. फोन होता व्हिक्टोरिया राज्याच्या ट्रॉमा नोंदणीकडून, म्हणजे जबर जखमींची आणि पुढे ते कसे आहेत याची नोंद ठेवणाऱ्यांकडून. वर्षाने आणि दोन वर्षांनी पुन्हा येणार म्हणे.

त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲपवर ठाण्यात घोडबंदर रोडला ट्रॉमा सेंटर, म्हणजे जबर जखमींसाठीचं रुग्णालय, हवं की नको, यावरून जुंपली होती. मामा म्हणे, आधी इमारत उभी राहू दे. भाऊ म्हणे, आधी खड्डे बुजवा. मला आठवला आतेभाऊ. कासारवडवलीला बाइकवरून पडला. लोकांनी रिक्षात घालून जवळच्या नर्सिंग होमला नेलं. तिथे सीटी स्कॅन नाही, 'पुढे न्या'. पुढे आयसीयूत बेड नाही. शेवटी मुंबईतलं सायन रुग्णालय, आणि सायनच्या डॉक्टरांनीच तो वाचवला. मधे साडेतीन तास गेले. खिशात दोन चिठ्ठ्या निघाल्या, एकीवर नुसतं 'हायर सेंटरला नेणे'. कुठलं, ते नाही.

नवऱ्याला नेताना ॲम्ब्युलन्सने आमच्या जवळचं रुग्णालय चक्क मागे टाकलं. मी घाबरले होते. पण इथे नियमच आहे: जबर जखमीला 45 मिनिटांत मोठ्या ट्रॉमा रुग्णालयात पोचवता येत असेल, तर मधे थांबायचं नाही. हे काही एका रात्रीत झालं नाही. 1992पासून इथल्या डॉक्टरांच्या समितीने रस्ते अपघातांत दगावलेल्यांचे कागद उघडून कोण वाचू शकला असता ते तपासलं. बरंच लाजिरवाणं निघालं. मग व्यवस्था बदलली, आणि ती चालते का हे बघायला 2001पासून नोंदणी.

"तिकडे माणसं किती, इथे किती!" मामाचं हे मला मान्य आहे. पैशाचंही मान्य. पण 108 ॲम्ब्युलन्स आपल्याकडे 2014पासून धावते आहे, 2025पासून अपघातग्रस्तांना दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजनाही आहे. तरी कळव्याच्या रुग्णालयात कोणाला न्यायचं आणि थेट सायनला कोणाला, हे त्या रात्री रिक्षावाल्याने ठरवलं. सेंटर बांधाच. पण ते साडेतीन तास कोणाच्या वहीत लिहिले जाणार, हेही मामाने विचारावं.

त्या चिठ्ठ्या आत्याने देवघराच्या खणात ठेवल्यात. मागायला कोणी आलेलं नाही. आतेभावाचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. परवा मी मोज्यांचं विचारलं, तेव्हा सांगितलं त्याने.