बोलणं मराठी, कागद कन्नड : बेळगावात नव्यानं येणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून बदली होऊन बेळगावात येणारा माणूस पहिले आठ दिवस भलताच खूश असतो. गणपत गल्लीत भाजीवाली मराठीत भाव सांगते, दारात मराठी पेपर पडतो, शेजारच्या काकू कुंपणावरून "जेवण झालं काय ओ?" म्हणून विचारतात. गडी निर्धास्त होतो. आणि नवव्या दिवशी लाइटचं बिल येतं.

चेन्नईला किंवा जर्मनीला जाणारा माणूस धास्तावून जातो, चार गोष्टी विचारून जातो, म्हणून त्याचं फारसं अडत नाही. बेळगावला येणारा काही म्हणजे काही विचारत नाही. आपलीच माणसं, आपलीच भाषा, विचारायचं काय? इथं बोलणं मराठी आहे, पण बिल, पाटी, शाळेची सुट्टी आणि गाडीचा टॅक्स कर्नाटकाचा आहे, हे ध्यानात ठेवूनच सामान उतरवा. (सीमाप्रश्नावर इथं काही लिहीत नाही. त्याला आमच्याकडे दुसरे दिवस नेमलेले आहेत.)

घरापासून सुरुवात करू. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव भागात फिरताना "मने बाडिगेगे इदे" अशी कन्नड पाटी दिसली की घर भाड्यानं द्यायचं आहे. डिपॉझिटला इथं बरेच जण ॲडव्हान्स म्हणतात, त्यामुळे "ॲडव्हान्स किती?" याचा अर्थ पहिल्या महिन्याचं भाडं असा लावून घेऊ नका. पण भाड्याच्या आधी विचारायचं ते पाणी. शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून पाणी येतं. काही वॉर्डांत ते चोवीस तास असतं, बाकी ठिकाणी काही दिवसांआड सोडतात. घरमालकाला "पाणी आहे काय?" विचारलं तर तो "आहे की!" म्हणणारच, आणि खोटं बोलणार नाही. विचारायचं असं : किती दिवसांनी येतं, किती वाजता, किती वेळ, आणि जमिनीखालची टाकी किती लिटरची? हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर चौघांना ५४० लिटर. पाणी पाच दिवसांनी येत असेल तर २,७०० लिटर, म्हणजे जमिनीखालची ३,००० लिटरची टाकी तुमच्या एकट्याच्या वाट्याला नसेल तर पाचव्या दिवशी आंघोळीवरून घरात भांडण ठरलेलं. वरच्या मजल्यावर दुसरं भाडेकरू कुटुंब असेल तर टाकी एक की दोन, तेही बघा. मागच्या अंगणात विहीर असलेली जुनी घरं अजून बरीच आहेत. तसं मिळालं तर फरशी जुनी आहे म्हणून नाक मुरडू नका.

आता ते लाइटचं बिल. मीटर बघायला माणूस येतो, हातातल्या यंत्रातून चिठ्ठी काढतो, ग्रीलमध्ये अडकवून जातो. चिठ्ठीवरचा मजकूर कन्नड, आकडे इंग्रजी. नवा भाडेकरू सगळ्यात मोठा आकडा शोधतो आणि तेवढे पैसे भरायचे समजून हबकतो. तो बहुतेक वेळा अकाउंट आयडी असतो. चिठ्ठीवरच्या दोन गोष्टींचा फोटो मोबाइलमध्ये कायमचा ठेवा : आरआर नंबर आणि अकाउंट आयडी. आरआर नंबर मीटरचा, घरमालकाच्या नावावर. ऑफिसात तक्रार द्यायची तर आधी तोच विचारतात. मोबाइलवरून भरताना "बेळगाव" टाइप करून काही सापडणार नाही, कारण कंपनी हेस्कॉम, म्हणजे हुबळीची. यादीत हुबळी इलेक्ट्रिसिटी असं शोधा. नाही जमलं तर "बेळगाव वन" केंद्रात जाऊन रोख भरा.

शेजारी सांगतील, "२०० युनिटपर्यंत फुकट आहे की ओ." अर्धं खरं आहे. गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत प्रत्येक मीटरचा हक्क वेगळा असतो. त्या मीटरवर २०२२-२३ साली महिन्याला सरासरी जेवढी वीज जळली, त्यावर थोडी वाढ धरून जो आकडा येतो तेवढी वीज माफ. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडले की सगळं बिल तुमचं. म्हणजे आधीच्या भाडेकरू आजी एकट्या राहून ४० युनिट जाळत असतील, तर तुमचा गिझर आणि इंडक्शन त्या ४० च्या हिशेबात बसणार नाही. दुसरी अडचण याहून नेहमीची. आधीच्या भाडेकरूनं स्वतःचं आधार त्या मीटरला जोडलेलं असतं आणि तो केव्हाच हुबळीला निघून गेलेला असतो. सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर आधी त्याची जोडणी तोडायची, मग भाडेकरू म्हणून आपली करायची, असा क्रम आहे. म्हणून किल्ली घेतानाच घरमालकाला सांगून जुन्या माणसाला फोन लावा, तो गावात असेपर्यंत काम होतं. आणि किल्ली हातात आल्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो. थकबाकीच्या वादात फोटोशिवाय तुमच्या बाजूनं कोणी बोलणार नाही.

बसचं वेगळंच. मध्यवर्ती बसस्थानकावर महाराष्ट्राची लाल एसटी दिसली की जीव भांड्यात पडतो, पण शहरात फिरायचं तर बोर्ड कन्नड. काही बोर्डांवर आकडेसुद्धा कन्नडच असतात. त्यातले २ आणि ४ आपल्या देवनागरीसारखेच दिसतात. १ मात्र तोंड उघडलेल्या शून्यासारखा, तिथं हमखास घोटाळा होतो. खरं सांगायचं तर लिपी शिकून टाकणं सगळ्यात स्वस्त. वर्णमाला ४९ अक्षरांची, आणि क-ख-ग-घ हा क्रम आपलाच. रोज पाच अक्षरं घेतली तर दहा दिवसांत संपतात. जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लटकतं, त्याला आणखी आठवडा द्या. आपल्याकडे ए आणि ओ एकेकच, कन्नडमध्ये त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे, एवढं लक्षात ठेवलं की पाट्या वाचता येतात. अर्थ कळायची गरज नाही. अनगोळ हे कन्नडमध्येही अनगोळच.

बायकांना बस फुकट आहे हे ११ जून २०२३ पासून खरं आहे, पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकाचा लागतो. आधार कार्डावर कोथरूड असेल तर तिकीट काढायचं, कंडक्टरशी हुज्जत घालून उपयोग नाही. आणि ज्यांना फुकट आहे त्यांनीही शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचं. नाहीतर तपासनीस चढला की दंड. आंतरराज्य गाड्यांना ही सवलत नाही.

भाव करताना कन्नड आकडे कानावर पडतातच, विशेषतः आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या भाजीवाल्यांकडून. हत्तु दहा, ऐवत्तु पन्नास, नूरु शंभर, हे पटकन बसतं. फसगत होते ती इप्पत्तु आणि एप्पत्तुमध्ये. पहिले वीस, दुसरे सत्तर. गर्दीत दोन्ही सारखंच ऐकू येतं, आणि वीसची नोट पुढे करून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाकडे बाई ज्या नजरेनं बघते ती इथल्या प्रत्येक नव्या माणसाच्या वाट्याला येते. बोटं दाखवायला सांगा, त्यात कमीपणा नाही. आणि तुमचं कन्नड कितीही मोडकं असो, शेवटी "री" लावा. येष्ट्री (किती)? कोड्री (द्या). बेडरी (नको). हे "री" नसलं तर शुद्ध कन्नडही उर्मट वाटतं.

पत्त्याबद्दल दोनच गोष्टी. २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, त्यामुळे ऑनलाइन फॉर्ममध्ये बेळगाव शोधत बसू नका. रेल्वेचा कोड बीजीएम. आणि खानापूर, शहापूर, वडगाव या नावांची गावं महाराष्ट्रातही आहेत, तेव्हा पार्सलवर पिन चुकला की तुमचा मिक्सर सांगली जिल्ह्यातल्या खानापुरात जाऊन बसतो. टिळकवाडीचा ५९०००६, शहापूरचा ५९०००३. टिळकवाडीत पत्ता रेल्वे गेटवरून सांगतात, पहिलं, दुसरं, तिसरं. कुठलं गेट ते न विचारता निघालात तर रुळाच्या भलत्या बाजूला उभे राहाल.

गाडी हा खर्चिक विषय, म्हणून सगळे टाळतात. एमएच पाटी लावून कायम फिरता येईल असं समजू नका. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि कर्ज चालू असेल तर बँकेचं पत्र. इथं आल्यावर फॉर्म २७ भरून केए-२२ नंबर मिळतो. चिकोडी भागात राहणार असाल तर केए-२३. कर्नाटकाचा आजीवन कर देशातल्या जड करांपैकी आहे, पण गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. हा परताव्याचा अर्ज लोक टाकतच नाहीत, कारण त्यासाठी पुन्हा जुन्या आरटीओत जावं लागतं. जा. पैसे तुमचेच आहेत. नंबर बदलल्यावर विमा कंपनीला कळवायचं बहुतेकांना सुचतं, फास्टॅग मात्र जुन्याच नंबरवर राहतो आणि कोगनोळीच्या टोल नाक्यावर मागच्यांचे हॉर्न ऐकत उभं राहावं लागतं. तुमची कंपनी चार किंवा जास्त राज्यांत असेल तर नवी गाडी घेताना बीएच मालिका (राज्य बदललं तरी नंबर तोच) मिळते का ते आधी विचारा. सगळं झेंगट वाचतं.

पावसाची कल्पना पुणेकरांना नसते. गाव सह्याद्रीच्या पाठीला लागून, साडेसातशे मीटरच्या वर. जून ते सप्टेंबर आभाळ खाली येऊन बसतं. वारा असतो, त्यामुळे छत्री उलटी होते. शर्ट-पँट वेगळा असलेला रेनकोट घ्या. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नका, लावलंच तर चार बोटं पुढे ओढून ठेवा. नाहीतर गणपतीला रेशमी साडी काढाल तेव्हा तिच्यावर बुरशीची नक्षी असेल. कपाटात दिवा लावायचा जुना उपाय एलईडीनं होत नाही, तो तापतच नाही. ओलावा शोषणारे डबे मिळतात, ते ठेवा आणि पाण्यानं भरले की बदला.

मुलं असतील तर सुट्ट्यांचं कॅलेंडर आधी आजोळी पाठवा. इथं शाळा मेच्या अखेरीस किंवा जून उजाडताच भरतात, महाराष्ट्रात त्या जूनच्या मध्याला. मोठी सुट्टी इथं दसऱ्याला, दिवाळीत मोजके दिवस. त्यामुळे पुण्याची मामेभावंडं दिवाळीत मोकळी असतात तेव्हा आपली पोरं दप्तर आवरत असतात. मराठी माध्यमात घातलं तरी कन्नड सुटत नाही, २०१५ च्या कायद्यानं ती पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. पाचवीत थेट येणाऱ्या मुलाला उन्हाळ्यातच अक्षरओळख करून द्या, जूनमध्ये रडारड कमी होते. अकरावी-बारावीला इथं पीयूसी म्हणतात, तेव्हा शेजाऱ्यांनी मुलीचं पीयूसी झालं काय विचारलं तर गाडीचे कागद काढू नका.

रंगाचा दिवसही विचारून घ्या. बेळगावात धुळवडीला रंग खेळतात, तर जुन्या सांगली संस्थानातल्या शहापुरात रंगपंचमीला. ऑफिस कॅम्पात आणि घर शहापुरात असेल तर दोनदा भिजायची तयारी ठेवा.

पाहुणे बोलवायचे तर डिसेंबर टाळा. कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन इथल्या सुवर्ण विधानसौधात भरलं की लॉजमध्ये खोली मिळत नाही, मोर्चे असतात, रस्ते वळवलेले असतात. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवालाही तेच. राजकीय वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्या सीमेवरच थांबतात. अशा वेळी मिरजेकडे जाणारी रेल्वे बघायची. आणि पाहुणे परत जाताना कुंदा मागणारच. तो दुधाचा आहे, गरम गरम डब्यात भरून झाकण लावलं तर वाफ धरून आंबतो. दुकानातून गार झालेला घ्या, निघायच्या दिवशीच घ्या, आणि मांडे न्यायचे असतील तर ते बॅगेत घालू नका, मांडीवर न्या.