बेळगावची पुस्तकं बेळगावातूनच विकली जावीत

बेळगावात मराठी पुस्तक विकत घेतलं की त्याला निष्ठेचा मुद्दा चिकटतोच. नवं पुस्तक दुकानात जाऊन पूर्ण किमतीला घेतलं तर मराठीसाठी काहीतरी केलं. ऑनलाइन घेतलं तर गावातल्या दुकानदाराच्या पोटावर पाय दिला. आणि ऑनलाइन जुनं घेतलं तर दुकानदाराबरोबर लेखकालाही बुडवलं. घरच्यांशी आणि मित्रांशी फोनवर बोलताना हा वाद अनेकदा कानावर येतो. माझा मामेभाऊ तर सरळच विचारतो, "दादा, तिकडं बसून जुनी पुस्तकं मागवालास, लेखकाला काय मिळालं रे त्यातनं?" तो मनापासून विचारतो, म्हणून मीही मनापासून सांगतो. सीमाभागातल्या वाचकाने जुनी, पक्क्या बांधणीची मराठी पुस्तकं ऑनलाइन बिनदिक्कत घ्यावीत. घरात पडून असलेली विकायलाही काढावीत.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. बेळगावच्या फौंड्री आणि हायड्रॉलिक्सच्या कामातून इकडे आलेल्यांपैकी एक. इथे नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती सगळीकडे एकच असते. तसा २००२चा कायदाच आहे. कोपऱ्यावरचं लहान दुकान असो की अवाढव्य ऑनलाइन कंपनी, दोघांनाही त्याच किमतीला पुस्तक विकावं लागतं. हे बंधन उठवायचं तर प्रकाशकाला पुस्तक निघाल्यापासून किमान अठरा महिने थांबावं लागतं. शेजारच्या फ्रान्सने तर ऑक्टोबर २०२३पासून ३५ युरोंच्या आतल्या नव्या पुस्तकांच्या ऑर्डरवर निदान ३ युरो घरपोच खर्च घेणं सक्तीचं केलं, म्हणजे 'फुकट घरपोच' म्हणून दुकानाचं गिऱ्हाईक पळवता येऊ नये. हे पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे ऑनलाइनवर जो राग निघतो तो खरा सवलतींवरचा राग आहे. तीस-चाळीस टक्के सूट देणाऱ्यासमोर गणपत गल्लीतल्या दुकानदाराने उभं तरी कसं राहायचं? तो राग रास्त आहे. पण त्याचं उत्तर कायद्याकडे मागायला हवं, वाचकाला बोल लावून ते मिळणार नाही.

जुन्या पुस्तकाला इथे हा नियम लागू नाही. किंचित खराब झालेल्या नव्या पुस्तकालाही नाही. अशा पुस्तकाच्या खालच्या कडेवर, पानांच्या गठ्ठ्यावर, शिक्का मारतात आणि ते स्वस्तात देतात. जुन्या पुस्तकांचे दुकानदार गल्लीत दुकानही चालवतात आणि तीच पुस्तकं ऑनलाइनही लावतात. त्यांचं वर्णन वाचण्यासारखं असतं. कापडी बांधणी, वरचं जॅकेट आहे पण डोक्याशी फाटलेलं, पहिल्या कोऱ्या पानावर आधीच्या मालकाची सही, काही पानांवर पेन्सिलच्या खुणा, कणा थोडा कललेला. हे सगळं चार ओळींत लिहिलेलं असतं. पुस्तक हातात आलं की बहुतेक वेळा तसंच निघतं. व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेली वस्तू नको वाटली तर चौदा दिवसांत परत करता येते, कारणही द्यावं लागत नाही.

पण इथलं सगळं उचलून तिकडे लावता येणार नाही, हेही मला कळतं. जर्मन भाषेच्या पाठीशी सरकार आहे, शाळा आहेत, मोठा बाजार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठीच्या पाठीशी १ नोव्हेंबर १९५६नंतर स्वतःचं राज्य राहिलं नाही, आणि २००४पासून महाराष्ट्राचा या भागावरचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. याचा पुस्तकांशी थेट संबंध आहे. पक्क्या बांधणीची मराठी आवृत्ती बरीचशी ग्रंथालयांच्या भरवशावर निघते आणि महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांचं अनुदान त्या राज्याच्या १९६७च्या कायद्याने चालतं. बेळगाव येतं कर्नाटकाच्या १९६५च्या कायद्याखाली. घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर भरणाऱ्या मराठी माणसाला सरकारी ग्रंथालयात मराठी पुस्तक मागायचा पूर्ण हक्क आहे, आणि तो त्याने मागत राहावा. १८४८पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय गावात आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडच्या एखाद्या खेड्यातल्या मास्तरांना हवं असलेलं, चाळीस वर्षांत पुन्हा न छापलेलं पुस्तक या सगळ्यातून हाताशी येत नाही. ते ऑनलाइन जुन्या बाजारातच मिळतं. पूर्वी कोल्हापूरला जाऊन आणायची सवय होती. डिसेंबर २०२२मध्ये सीमावादातून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या, तेव्हा ती वाटही किती कच्ची आहे ते दिसलं.

मामेभावाच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातूनच येतं. हयात लेखकाचं, दुकानात मिळणारं पुस्तक नवंच घ्यावं. शक्य असेल तर प्रकाशनपूर्व सवलतीत थेट प्रकाशकाकडून किंवा गावातल्या दुकानातून घ्यावं. लेखकाला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण ज्या पुस्तकाची आवृत्ती संपून पिढी गेली, त्याचं नवं कोरं पुस्तक आणायचं कुठून? लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्कच संपतो. तोवरही, छापलंच जात नसेल तर रॉयल्टी शून्य. अशा पुस्तकाची जुनी प्रत घेतल्याने लेखकाचं काही बुडत नाही. उलट ते पुस्तक वाचलं जातं.

आता पक्क्या बांधणीचा हट्ट का, ते सांगतो. खानापूरकडचा पाऊस ज्याने अनुभवलाय त्याला फार सांगायला नको. जूनपासून चार महिने कपाटातल्या पुस्तकांना बुरशीचा वास येतो. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं पुस्तक दहा-पंधरा वर्षांत कण्यापाशी तडकतं आणि पानं सुटायला लागतात. जुनी पुठ्ठा बांधणीची पुस्तकं सोळा-सोळा पानांचे फॉर्म दोऱ्याने शिवून केलेली असत. पुस्तक मध्यावर उघडा, फॉर्मच्या घडीत पांढरा दोरा दिसला की ते पुस्तक अजून एक आयुष्य जगेल. पुठ्ठा कसरीने खाल्ला तर बदलता येतो, कणा नवा लावता येतो, कारण आतली शिवण धरून असते. म्हणून विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून त्या दोऱ्याचा फोटो मागवा. कव्हरचा फोटो कुणीही देतो.

फोटो न मागता विश्वासाने घेतलं तर काय होतं तेही पाहिलंय. एका विक्रेत्याकडून शहापूरला मावशीच्या पत्त्यावर एक जुना चरित्रग्रंथ मागवला. 'हार्डकव्हर, उत्तम स्थिती' असं लिहिलं होतं. मावशीने पार्सल उघडून मला फोटो पाठवले. आत मूळ प्रत नव्हतीच. कुठल्यातरी ग्रंथालयाच्या प्रतीची स्कॅन केलेली पानं छापून चकचकीत पुठ्ठ्यात बांधली होती. काही पानं तिरकी होती, आणि शीर्षकपानावर त्या ग्रंथालयाच्या गोल शिक्क्याचीही करडी छाया उमटलेली होती. किंमत मूळ जुन्या प्रतीपेक्षा जास्त. स्कॅनवरून पुनर्मुद्रण करण्यात गैर काही नाही, हक्क संपलेल्या पुस्तकाला त्याने जीवदानच मिळतं. पण मग तसं लिहा ना. ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये असं स्पष्ट आहे. जर्मनीसारखे कारण न देता परतीचे चौदा दिवस आपल्याला नाहीत, पण हे आहे. मावशीला मी तेच कळवलं आणि तिने पैसे परत मिळवले. फसल्यावर गप्प बसायचं नाही, एवढं तरी आपण करावं.

पक्क्या पुस्तकाचं वजन हा आमचा जुना शत्रू. टपाल खात्याची स्वस्त रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४मध्ये अचानक बंद झाली तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं होतं. मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली, तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये अशा दराने. पार्सल कुठे पोचलं तेही कळतं. नियतकालिकं मात्र त्यात चालत नाहीत, त्यामुळे जुन्या दिवाळी अंकांची अडचण राहतेच. शंभरेक रुपयांत पाच किलो पुस्तकं देशात कुठेही जातात, मग बेळगावहून पुण्याला का जाऊ नयेत?

मला सगळ्यात जास्त कळकळ याचीच आहे. टिळकवाडी, शहापूर, वडगावातली जुनी घरं पडून फ्लॅट होतायत. आजोबांच्या कपाटातली पुठ्ठा बांधणीची पुस्तकं किलोच्या भावाने रद्दीत जातात. तीच पुस्तकं पुढे पुण्या-मुंबईच्या विक्रेत्यांकडे पाचशे-सातशे रुपयांना दिसतात. असंच एक पुस्तक ऑनलाइन पाहताना फोटोत पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं दिसलं, 'शहापूर, बेळगांव, १९५२'. राज्य पुनर्रचनेच्या आधीची ती सही, ज्या गावाने १९४६च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला त्या गावातली. आपल्या घरातला ऐवज आपणच मातीमोल देतो आणि मग खानापूरचा वाचक तोच ऐवज पुण्याहून विकत घेतो.

म्हणून बेळगावच्या पुस्तकविक्रेत्यांना माझी विनंती आहे. नवी पुस्तकं विकता, ती विकाच. पण दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या पुस्तकांसाठी एक कपाट ठेवा. घर रिकामं करणाऱ्याने रद्दीवाल्याआधी तुम्हाला फोन करावा अशी सवय गावाला लावा. प्रत्येक पुस्तकाचे चार फोटो काढा, म्हणजे कव्हर, कणा, शीर्षकपान आणि शिवणीचा दोरा. वाळवीची वाट, पावसाचा डाग, फाटलेलं पान जसं असेल तसं लिहा. किंमत रद्दीपेक्षा बरी आणि पुण्याच्या दरापेक्षा थोडी कमी ठेवली तरी तुमचं भागेल. पहिलं गिऱ्हाईक म्हणून माझं नाव लिहून ठेवा. मावशीच्या माळ्यावर दोन पेट्या आहेत. दिवाळीत येईन तेव्हा त्या मामेभावाबरोबर उघडून त्यातली आम्हाला नको असलेली पुस्तकं तुमच्याकडेच आणून देणार आहे.